चाळीस मिनिटांचा हंगाम

घोडेगावला ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, नेवासे तालुक्यातील हे गाव नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक येथूनच आत वळतात. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारासाठी, विशेषतः म्हशींच्या खरेदी-विक्रीसाठी, गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. कांद्याची आवक वाढली की येथल्या बाजाराचे रूप पालटते आणि शेजारच्या सोनईच्या मुळा कारखान्याचे गाळप सुरू झाले की रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. खरीप, रब्बी, गाळप, आवक या सर्वांना आरंभ आहे, मध्य आहे आणि अखेर आहे. एक पाऊस हुकला तरी दुसऱ्याची वाट पाहता येते. एका बाजारी भाव पडला तर पुढच्या बाजारी तो सावरण्याची आशा असते. चूक दुरुस्त करण्यास पुरेल एवढा काळ ज्यात मिळतो, तोच हंगाम, अशी शेतकऱ्याची साधी व्याख्या आहे.

याच परिसरातील तरुण मुले-मुली सोनई, नेवासे, भेंडे किंवा नगर येथील महाविद्यालयांत शिकण्यासाठी रोज एस. टी. ने अथवा दुचाकीवरून ये-जा करतात. त्यांतील काही कबड्डी खेळतात. महाविद्यालयाच्या संघात निवड झाली की त्यांच्याही वाट्याला एक ‘हंगाम’ येतो, असे कागदोपत्री म्हटले जाते. परंतु तो किती लांबीचा असतो, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. तो मांडला असता असे आढळते की, आपल्या निम्म्या महाविद्यालयीन संघांचा वर्षाचा हंगाम चाळीस मिनिटांचा असतो.

बाद पद्धतीचे गणित

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून व्यवस्थेची रचना प्रथम पाहणे इष्ट ठरेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडाव्यवस्थेत पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर व नाशिक असे विभाग मानले गेले आहेत. विभागातील महाविद्यालयांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते आणि तीतून विभागाचा संघ निवडला जातो. विभागांची आपसांत स्पर्धा होऊन विद्यापीठाचा संघ ठरतो. हा संघ भारतीय विद्यापीठ महासंघाच्या नियंत्रणाखाली होणाऱ्या पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तेथे वरच्या क्रमांकांत आला तर अखिल भारतीय स्पर्धेला जातो. ही शिडी नीट बांधलेली आहे यात शंका नाही. विद्यापीठांच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने १९६१ साली कबड्डीचा आपल्या खेळांत समावेश केला, तेव्हापासून असंख्य खेळाडू या शिडीने वर चढून गेले आहेत.

प्रश्न आहे तो शिडीच्या पहिल्या पायरीवरील गर्दीचा. विभागीय स्पर्धा वेळ आणि पैसा यांच्या ओढाताणीमुळे बहुधा बाद पद्धतीने उरकावी लागते. समजा, एका विभागात बत्तीस संघ उतरले. बाद पद्धतीत एकूण सामने एकतीस होणार. सोळा संघ पहिल्याच सामन्यात हरून परततील. आणखी आठ दुसऱ्या सामन्यात. म्हणजे बत्तिसांपैकी चोवीस संघांच्या वाट्याला एक किंवा दोन सामने येतील. पाच सामने खेळण्याचे भाग्य केवळ दोन संघांना लाभेल. सरासरी काढली तर प्रत्येक संघास दोन सामनेदेखील पुरते येत नाहीत. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो. निम्म्या संघांचा वर्षाचा खेळ चाळीस मिनिटांत आटोपतो, तो असा.

हे झाले संघाचे. खेळाडूचा हिशेब याहून कठोर आहे. मैदानात एका वेळी सात जण उतरतात, बाकीचे राखीव म्हणून बाहेर बसतात. महाविद्यालयीन आयुष्याची तीन वर्षे धरली आणि संघ दरवर्षी पहिल्या फेरीत हरला, तर नियमित खेळणाऱ्या मुलाच्या नावावर एकंदर दोन तासांचा स्पर्धात्मक खेळ जमा होतो. राखीव मुलाच्या नावावर कदाचित काहीच नाही. आणि तरीही या दोन तासांसाठी ही मुले पहाटे उठून धावलेली असतात, संध्याकाळची शेवटची गाडी चुकवून सरावाला थांबलेली असतात, गुडघे फोडून घेतलेली असतात.

हरणे हा खेळाचा धर्म आहे आणि पराभव पचवावयास शिकणे हे खेळाचे एक मोठे शिक्षण आहे, असे या व्यवस्थेच्या समर्थनार्थ म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु पराभवातून शिकावयाचे तर पराभवानंतर पुन्हा मैदानात उतरावे लागते. ज्या विद्यार्थ्याचा पाय पहिल्या सामन्यात बोनस रेषेवर चुकला, त्याला ती चूक सुधारण्याची संधी पुढच्या वर्षी मिळणार. मधल्या काळात शिकवण सुकून जाते. डाव्या कोपऱ्यावरील रक्षकाचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा साखळी धरण्यातील मेळ हा दहा सामन्यांनंतर बसणारा मेळ आहे; तो एका सामन्यात बसत नाही. प्रशिक्षकाचेही तेच. कोणत्या चढाईपटूला कोणत्या क्षणी पाठवावे, लोण चढल्यावर खचलेल्या संघाला कसे उभे करावे, हे पुस्तकात वाचून येत नाही. ज्याला वर्षाकाठी एक सामना मिळतो त्या प्रशिक्षकाला वीस वर्षांच्या सेवेनंतरही जेमतेम वीस-पंचवीस सामन्यांचा अनुभव असतो. निवड समितीसमोरही अडचण उभी राहते. पहिल्या फेरीत हरलेल्या संघात एखादा अव्वल खेळाडू असला तरी त्याला जोखण्यासाठी समितीला ती चाळीस मिनिटेच मिळतात; त्यांतही तो तीन वेळा लवकर बाद झाला असेल तर विषयच संपला.

एका परदेशी खेळाची कथा

महाविद्यालयीन खेळाचा हंगाम म्हणजे काय असू शकते, याचे जगातील सर्वांत ठळक आणि सर्वांत धोक्याचेही उदाहरण अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हे आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण व खांद्यांवर जाड कवचे घातलेले अकरा-अकरा खेळाडू लांबट चेंडू हाती घेऊन शंभर यार्डांच्या मैदानात एकमेकांना रेटतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, नाही तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा, हा त्याचा गाभा. प्रतिस्पर्ध्याच्या भूमीत घुसणे आणि घुसणाऱ्याची पकड करणे ही दोन तत्त्वे पाहिली म्हणजे कबड्डी जाणणाऱ्या मराठी वाचकास हा खेळ वाटतो तेवढा परका वाटू नये.

या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन संस्थांमध्ये झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर ८-० अशी परतफेड केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पहिल्या वर्षीच हरलेल्या संघाला आठ दिवसांत पुन्हा खेळावयास मिळाले. त्या दोन सामन्यांच्या वर्षालाच तेथील इतिहासकार पहिला हंगाम म्हणतात. पुढे प्रत्येक शरद ऋतूत ठरलेल्या शनिवारी ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळण्याची रूढी पडली. आज वरच्या श्रेणीतील प्रत्येक संघ नियमित हंगामात बारा सामने खेळतो. पहिले तीन हरला तरी उरलेले नऊ त्याच्या हक्काचे असतात. विजेतेपदासाठीचे बाद सामने आहेत, पण ते हंगामाच्या शेवटी आणि मोजक्या संघांसाठी. २०२४ पासून ही संख्या बारा झाली आहे. बाद पद्धत तेथे हंगामाचा कळस म्हणून वापरली जाते. आपण तिलाच पाया केले आहे.

या कथेला काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९०५ च्या एका हंगामात किमान अठरा तरुण मैदानावरील दुखापतींनी दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याविषयी सुनावले. १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि महाविद्यालयांची एक नियंत्रक संस्था जन्मास आली. १९१० पासून ती राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. मृत्यू कमी झाले, पण पैसा वाढत गेला. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा राज्य विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. ज्यांच्या घामावर हा डोलारा उभा राहिला त्या विद्यार्थ्यांना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची अनेक दशके मनाई होती. २०२१ मध्ये आपल्या नावाच्या व्यापारी वापराचा मोबदला घेण्यास त्यांना वाट मोकळी झाली आणि २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला. विद्यार्थी कोणता आणि व्यावसायिक कोणता, ही रेषा तेथे आता जवळजवळ पुसली गेली आहे. शिवाय डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे मेंदूवर होणाऱ्या दूरगामी परिणामांची चिंता त्या खेळाला आजही ग्रासून आहे.

असे अनुकरण घोडेगावच्या पंचक्रोशीला परवडणारे नाही आणि हितावहही नाही. परंतु त्याच अमेरिकेत, त्याच खेळात, एक दुसरे जगही आहे. त्याची बातमी आपल्याकडे क्वचितच पोचते.

मैदानावरचा एक अध्यापक

महाविद्यालयीन संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत फुटबॉल खेळणाऱ्या दोनशेहून अधिक लहान संस्था आहेत. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. खेळाडू इतर विद्यार्थ्यांसारखेच प्रवेश घेतात, शुल्क भरतात, परीक्षा देतात. दूरचित्रवाणीचा पैसा नाही, लाखाचे क्रीडागार नाही. तरीसुद्धा प्रत्येक संघाचा नियमित हंगाम दहा सामन्यांचा असतो. प्रतिस्पर्धी बव्हंशी शेजारपाजारचीच महाविद्यालये असतात.

मिनेसोटा राज्यातील सेंट जॉन्स हे बेनेडिक्टी धर्मसंघाने स्थापन केलेले असेच एक महाविद्यालय. तेथे जॉन गॅगलियार्डी नावाचे प्रशिक्षक १९५३ साली रुजू झाले आणि २०१२ साली निवृत्त झाले. एकाच संस्थेत साठ हंगाम! त्यांची पद्धत रूढ शिस्तीला धक्का देणारी होती. सरावात खेळाडूंनी एकमेकांना पाडावयाचे नाही, कारण दुखापतीने गमावलेला खेळाडू हा सरावाचा पराभव होय. शिटी नाही, वजने उचलण्याची सक्ती नाही, आणि खेळाडूंनी त्यांना ‘कोच’ न म्हणता जॉन म्हणावयाचे. २००३ च्या हंगामात, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्या संघाने चौदा सामने खेळून चौदाही जिंकले. अंतिम सामन्यात सेंट जॉन्सने माउंट युनियन या संघाला २४-६ असे हरविले. त्यापूर्वी माउंट युनियन सलग पंचावन्न सामने अजिंक्य होता. निवृत्तीच्या वेळी गॅगलियार्डी यांच्या नावावर ४८९ विजय होते. महाविद्यालयीन फुटबॉलमधील कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर तोवर एवढे विजय जमा झाले नव्हते. त्याचबरोबर १३८ पराभवही त्यांच्या नावावर होते, आणि या विवेचनाच्या दृष्टीने हाच आकडा अधिक बोलका आहे. एकशे अडतीस वेळा हरल्यावरही ज्याला पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानावर जाता आले, त्याच्याच हातून असे शिक्षण घडू शकते.

सेंट जॉन्सची मुले त्यासाठी लाखो डॉलर मिळवीत नव्हती. बहुतेक पुढे आपापल्या नोकरी-व्यवसायाला लागली. त्यांना मिळाला तो प्रत्येक शरदातील दहा शनिवारांचा शब्द. हा शब्द देण्यास श्रीमंती लागते असे नाही, वेळापत्रक लागते.

आठ महाविद्यालये, सात शनिवार

आता पुन्हा नेवाशाकडे वळू. नेवासे, सोनई, भेंडे, शेवगाव, पाथर्डी, राहुरी, श्रीरामपूर आणि नगर या आठही ठिकाणी महाविद्यालये आहेत, मैदाने आहेत आणि कबड्डी खेळणारी मुले-मुली आहेत. एकमेकांशी त्यांचा एस. टी. चा संबंध जुना आहे. या आठ ठिकाणच्या प्रत्येकी एका संघाने साखळी पद्धतीने एकेक सामना खेळावयाचे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सात सामने येतात, एकूण अठ्ठावीस. दर शनिवारी चार सामने घेतले तर सात शनिवारांत साखळी पुरी होते. प्रत्येक महाविद्यालयाला तीन किंवा चार वेळा यजमानपद करावे लागेल. चाळीस मिनिटांच्या जागी दोनशे ऐंशी मिनिटे मिळतील. आणि ती पहिला सामना जिंको वा हरो, प्रत्येकाला मिळतील.

या कल्पनेला विभागीय स्पर्धा रद्द करण्याची गरज नाही. विद्यापीठाची शिडी आहे तेथेच राहील. साखळी तिच्या आधी होईल, म्हणजे शिडीवर पाय ठेवणारा संघ सात सामन्यांनी तयार झालेला असेल आणि निवड करणाऱ्यांपुढे सात सामन्यांचे गुणलेखन असेल.

काळ कोणता निवडावा, हा प्रश्न या जिल्ह्यात हवामानाला विचारूनच सोडवावा लागेल. नगर जिल्ह्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. येथील पावसाचा जोर जून-जुलैपेक्षा सप्टेंबरात अधिक असतो. जुलैअखेरीपासून सप्टेंबराच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मातीचे मैदान कोकणासारखे चिखलाचे होत नाही. खरिपाची पेरणी उरकलेली असते, काढणी दूर असते आणि कारखान्यांची धुराडी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पेटत नाहीत. त्यामुळे शेतकरी घरातील मुलाला शनिवारची दुपार मोकळी मिळू शकते. सत्रपरीक्षाही तोवर दारात आलेल्या नसतात. आज स्पर्धा आणि परीक्षा एकमेकींच्या अंगावर येतात आणि विद्यार्थ्याला दोहोंतून एक निवडावे लागते. तशी वेळ या काळात येणार नाही.

खर्चाचे म्हणाल तर कबड्डीइतका स्वस्त सांघिक खेळ दुसरा नसेल. मैदान आखण्यास फक्की, अंतर मोजण्यास फीत, एक गुणफलक, दोन पंच आणि गुणलेखक. मॅट असेल तर उत्तम. पण मॅट येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पाहुण्या संघाचे गाडीभाडे आणि दुपारचे जेवण हाच मुख्य खर्च. एका वेळी बारा मुले आणि एक प्राध्यापक यांचे जेवण यजमान गावाला जड होईल, असे हा मुलूख जाणणारा मनुष्य म्हणणार नाही. यात्रेच्या कुस्त्यांसाठी वर्गणी काढणारी, सप्ताहाच्या पंगती उठविणारी ही गावे आहेत. त्यांच्यापुढे शनिवारचा सामना कोणी ठेवला नाही, एवढेच.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप अभ्यासाचा. सात शनिवार खेळात घातल्यास अभ्यास बुडेल, असे पालक म्हणतील. परंतु अभ्यास बुडविण्यास आजची पद्धतच अधिक कारणीभूत आहे. स्पर्धेच्या तारखा ऐन वेळी कळतात, तिच्या आधी आठ-दहा दिवस धावपळीचे सराव शिबिर होते आणि त्या काळात तास बुडतात. ज्याला जुलैमध्येच साऱ्या तारखा ठाऊक आहेत तो आपल्या पुस्तकांची सोय लावू शकतो. उपस्थितीची अट पाळणाऱ्यासच साखळीत खेळता येईल असा नियम केला, तर खेळ अभ्यासाचा शत्रू न राहता त्याचा पहारेकरी होईल. केवळ चषकासाठी बाहेरचे खेळाडू नावापुरते दाखल करून घेण्याच्या मोहालाही या नियमाने आळा बसेल.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. सामने खेळून मिळणार काय? राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी वरच्या पातळीवरील स्पर्धांत क्रमांक लागतो. तालुक्यांच्या साखळीचे प्रमाणपत्र तेथे चालणार नाही. हे मान्य केले पाहिजे. किंबहुना याच कारणासाठी ही साखळी हवी. प्रमाणपत्राने खेळाला असे काही गिळले आहे की, बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आणि खऱ्या खेळाडूकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. क्रमांक काही मोजक्यांनाच मिळणार. उरलेल्या शेकडो मुलांना महाविद्यालय खेळ म्हणून काय देते, याचे उत्तर संस्थांनी दिले पाहिजे. विद्यार्थ्यांकडून क्रीडाशुल्क घेतले जाते ते सर्वांकडून, विजेत्यांकडून नव्हे.

तिसरा आक्षेप मुलींच्या बाबतीत घेतला जाईल. मुलींचे सामने दुसऱ्या गावी, परतण्यास उशीर, घरच्यांची काळजी. ही काळजी खोटी नाही. परंतु बाद स्पर्धेत आपला सामना केव्हा लागेल आणि किती लांबेल हे कोणालाच सांगता येत नाही. साखळीत सामना दुपारी दोन वाजता असेल तर तो दोनलाच होतो आणि दिवस मावळण्यापूर्वी मुलगी घरी पोचू शकते. महिला कबड्डीचा आशियाई क्रीडास्पर्धांत प्रवेश २०१० साली झाला, पुरुषांच्या कबड्डीनंतर वीस वर्षांनी. गावपातळीवरचे अंतर तरी आपण मुद्दाम वाढवू नये.

चौथा प्रश्न प्रेक्षकांचा. महाविद्यालयांचे सामने पाहणार कोण? याचे उत्तर २०१४ साली मिळाले आहे. त्या वर्षी व्यावसायिक कबड्डीची राष्ट्रीय साखळी सुरू झाली तेव्हा तीत आठ संघ होते आणि प्रत्येक संघ साखळीत चौदा सामने खेळला. तोपर्यंत कबड्डीचे राष्ट्रीय विजेते बाहेरच्यांना ठाऊक नसत. एका हंगामात घरोघरी चढाईपटूंची नावे पाठ झाली. रंगीत दिवे आणि जाहिराती यांचा त्यात वाटा होताच. पण तोच चेहरा आठवड्यामागून आठवडा दिसणे, कालचा पराभव आज भरून निघतो की नाही याची हुरहूर लागणे, हे हंगामाचे देणे होते. सोनईचा संघ गेल्या शनिवारी शेवगावात दोन गुणांनी हरला, हे ज्या गावाला ठाऊक आहे ते गाव पुढच्या शनिवारी आपसूक मैदानाभोवती जमेल. ज्या संघाचा सामना एकदाच, परगावी, कामाच्या दिवशी होतो, त्याला प्रेक्षक कोठून मिळावेत?

आपल्याच परंपरेचा दाखला

महाविद्यालये आणि व्यायामसंस्था यांनी पुढाकार घेतल्यावाचून मराठी मातीतील खेळांना रूप आले नाही, हा इतिहास येथे स्मरावा. हुतुतूसारख्या नाना नावांनी आणि गावोगावच्या निराळ्या नियमांनी चालणारा हा खेळ. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्याला नियमांची चौकट दिली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ च्या सुमारास ती अधिक नेटकी केली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, आणि बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचल्यावर १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. या वाटचालीतील बहुतेक पावले शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी, तुटपुंज्या साधनांनिशी उचलली. सरकारी आदेशाची वाट पाहत ते बसले असते तर हुतुतू गल्लीतच राहिला असता.

आठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आणि शारीरिक शिक्षण संचालकांनी एका दुपारी एकत्र बसून सात तारखा ठरविणे, हे त्या मानाने फार लहान पाऊल आहे. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. पहिल्या वर्षी आठांऐवजी चारच संघ आले तरी प्रत्येकाला तीन सामने मिळतील, आणि तेही आजच्या सरासरीहून अधिक ठरतील. चषक नसला तरी चालेल. गुणलेखनाच्या वह्या मात्र जपून ठेवाव्यात. पाच वर्षांनंतर त्याच या भागातील कबड्डीचा इतिहास होतील.

घोडेगावचा बाजार दर शुक्रवारी भरतो. एखाद्या शुक्रवारी म्हैस विकली गेली नाही म्हणून शेतकरी तिला घेऊन वर्षभर घरी बसत नाही. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा येतो, कारण बाजार पुन्हा भरणार याची त्याला खात्री असते. त्याच्या मुलाला आणि मुलीला महाविद्यालयाच्या मैदानावर तेवढीच खात्री मिळावी, एवढेच मागणे आहे. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक अजून कोरे आहे. त्यात सात शनिवार लिहून ठेवणे कोणाही प्राचार्याच्या हाती आहे.